वाचकांचे प्रश्न : रहस्यकथेतील जागा आणि जागेची भीती

अभिजात हेरकथांमध्ये घटनास्थळ नेमके कोणते काम करते, या विषयावर नागपूर आणि परिसरातील वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. ज्यांनी या कथा अजून वाचलेल्या नाहीत त्यांचा विरस होऊ नये म्हणून गुन्हेगारांची नावे शक्यतो टाळली आहेत. मात्र घटनास्थळाविषयी बोलताना काही उलगडे अपरिहार्यपणे येतील.

प्रश्न : आमच्या धरमपेठेतील वाचनमंडळाने शेरलॉक होम्सची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी ऐन मे महिन्यात एकत्र वाचली. बाहेर ऊन रणरणत होते, तरी डार्टमूरच्या माळरानाची धास्ती मनातून जात नव्हती. कथेच्या मधल्या भागात फारसे काही घडत नाही. मग ही अस्वस्थता कुठून येते?

उत्तर : ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत होम्स बराच काळ दृष्टीआड असतो आणि बास्करव्हिल घराण्याचे वारस सर हेन्री यांना सांभाळण्याची जबाबदारी त्याचा मित्र वॉटसन याच्या एकट्यावर येऊन पडते. ज्याच्या बुद्धीवर आपली भिस्त आहे तो सोबत नाही, जवळचे शेजारघर बरेच लांब आहे, आणि वॉटसनने काही लिहून पाठवले तरी ते लंडनला पोहोचून त्यावर सल्ला येईपर्यंत मध्ये एखादी रात्र जाणारच आहे. माळरान किती मोठे आहे हे आर्थर कॉनन डॉयल विशेषणांनी सांगत बसत नाहीत. मदत यायला किती वेळ लागेल याचा हिशेब ते वाचकाच्या मनात सुरू करून देतात, आणि तो हिशेब पुढची कित्येक प्रकरणे थांबत नाही.

त्यात ही भीती एका जातीची नाही. मंडळी स्टेशनवर उतरून बग्गीने निघतात तेव्हा टेकडीवर बंदूकधारी घोडेस्वार पहाऱ्याला उभा दिसतो आणि गाडीवान सांगतो की प्रिन्सटाउनच्या तुरुंगातून एक खुनी पळाला आहे. डार्टमूरवर असा तुरुंग खरोखरच आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धातील कैद्यांसाठी तो बांधला गेला आणि १८०९ साली तेथे पहिले कैदी आले. म्हणजे बास्करव्हिल घराण्याच्या मागे लागलेल्या, दंतकथेतल्या राक्षसी कुत्र्यावर विश्वास न ठेवणाऱ्या वाचकालाही त्या माळावर रात्री बाहेर न पडण्याचे एक ठोस, व्यवहारी कारण मिळते. अद्भुत भीतीच्या खाली वास्तव भीतीचा पाया घातला गेला की वाचकाला ‘हे सगळे थोतांड आहे’ असे म्हणून सुटता येत नाही.

आपल्या मंडळाने तिसरे प्रकरण पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. सर हेन्री यांचे काका सर चार्ल्स यांचा मृत्यू ज्या वाटेवर झाला तिचे वर्णन तेथे प्रश्नोत्तरांतून येते आणि ते विलक्षण कोरडे आहे. दोन्ही बाजूंना बारा फूट उंचीचे, आरपार जाता येणार नाही असे यू वृक्षांचे कुंपण, मध्ये आठ फूट रुंदीची पायवाट, तिच्या दोहो अंगांना सहा-सहा फूट गवताचा पट्टा आणि माळरानाकडे उघडणारे एक छोटे फाटक. त्या फाटकाशी सर चार्ल्स पाच-दहा मिनिटे थांबले असावेत, कारण त्यांच्या सिगारची राख तेथे दोनदा पडलेली होती. भूमापकाने काढलेल्या नकाशाप्रमाणे हा संवाद पुढे सरकतो आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर ती जागा अगदी पक्की होते. सर चार्ल्स यांचे मित्र डॉक्टर मॉर्टिमर यांनी प्रेतापासून काही अंतरावर दिसलेल्या ठशांविषयी आदल्या प्रकरणाच्या शेवटीच सांगितलेले असते, त्यामुळे आता तो राक्षसी कुत्रा कुठल्या तरी धूसर दंतकथेत न राहता त्या मोजलेल्या, आखलेल्या वाटेवर येऊन उभा राहतो. मापे दिली नसती तर त्या ठशांचा परिणाम निम्माही टिकला नसता.

आता ग्रिम्पेनच्या दलदलीकडे पाहा. वॉटसनसमोर एक तट्टू तिच्यात रुतत जाते, त्याची मान वर-वर ताणली जाते आणि त्याची किंकाळी माळभर घुमते. हा प्रसंग वातावरणनिर्मितीचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्याच वेळी वॉटसनच्या सोबत असलेला परिचित सहजपणे बोलून जातो की या दलदलीच्या अगदी गाभ्यापर्यंत जाण्याची वाट त्याला ठाऊक आहे. आपण तट्टाकडे पाहत असतो, त्यामुळे हे वाक्य कानाआड जाते. रहस्याची सगळ्यात मोठी किल्ली लेखकाने आपल्या हातात ठेवलेली असते आणि भीतीने आपली मूठ उघडलेलीच नसते. माझ्या मते अभिजात हेरकथेचे सारे कौशल्य या एका जागी पाहायला मिळते. जो परिच्छेद वाचकाला घाबरवतो तोच त्याला पुरावा देतो, आणि घाबरल्यामुळेच वाचकाला तो पुरावा दिसत नाही.

शेवटी धुके येते. सापळा लावून बसलेल्या होम्सला धुक्याचा लोट दलदलीवरून वाटेकडे सरकताना दिसतो, आणि आपला बेत बिघडवू शकेल अशी जगातली एकच गोष्ट समोरून चालत येत आहे हे त्याच्या ध्यानात येते. धुके वाटेवर पसरण्याआधी सर हेन्री तेथून पुढे गेले पाहिजेत. धुके असे घड्याळाचे काम करू लागते आणि तणाव मिनिटामिनिटाने वाढतो.

ही रीत डॉयल यांच्याही आधीची आहे. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या १८६८च्या कादंबरीत यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळी थरथरणारी एक रुतण वाळू आहे. तिच्याकडे पाहून घरची मोलकरीण अस्वस्थ होते, वाचकही होतो, आणि हिऱ्याच्या चोरीतला महत्त्वाचा पुरावा पुढे त्याच वाळूत दडवलेला सापडतो.

प्रश्न : चित्रपटांमध्ये होम्सचे लंडन कायम धुक्यात बुडालेले दाखवतात. मूळ कथांतही तसेच आहे का? (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : नाही. मूळ कथांत धुके आपल्या आठवणीतल्यापेक्षा बरेच विरळ आहे. जेथे ते आहे तेथे मात्र ते काम करते. १९०८ सालची ‘द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ ही कथा घ्या. तिचा आरंभच नोव्हेंबर १८९५मधील एका दाट पिवळ्या धुक्याने होतो. दगडी कोळशाच्या घरोघरच्या शेगड्यांचा धूर थंडीतल्या दमट हवेत अडकला की लंडनमध्ये असे धुके होत असे. १९५२च्या भीषण धुक्यानंतर, १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. होम्स खिडकीतून बाहेर पाहतो आणि म्हणतो की अशा दिवशी खुनी माणूस जंगलातल्या वाघासारखा या शहरात फिरू शकेल आणि झडप घालेपर्यंत कोणाला दिसणारही नाही. पुढे नेमके तेच घडलेले असते.

मला या कथेत धुक्याहूनही अधिक मोलाची वाटते ती भुयारी रेल्वे. ऑल्डगेट स्टेशनजवळ रुळांच्या कडेला एका तरुणाचे प्रेत सापडते. खिशात तिकीट नाही आणि जागेवर रक्त जवळजवळ नाही. प्रेत तेथेच का पडले, याचे उत्तर होम्स रुळांच्या रचनेत शोधतो. ऑल्डगेटला रूळ वळतात, फाटे फुटतात, गाडीला हिसका बसतो, आणि टपावर ठेवलेली वस्तू पडायची असेल तर ती तेथेच पडेल. मग ज्या घराच्या मागच्या खिडकीखाली गाड्या थांबतात असे घर शोधायचे एवढेच उरते. हे रहस्य दुसऱ्या कोणत्याही गावात हलवता येत नाही, कारण ते या रुळांवरच उभे आहे. घटनास्थळाची निवड चांगली झाली आहे की नाही हे ताडण्यासाठी मी हीच कसोटी लावतो. कथा उचलून दुसरीकडे ठेवून पाहावी. ती जशीच्या तशी उभी राहिली तर पहिल्या ठिकाणचे धुके नुसते पडद्यावर रंगवलेले होते.

प्रश्न : माझी मुलगी रहस्यकथांतील घरांची आणि खोल्यांची वर्णने सरळ गाळून पुढे जाते. काही बिघडत नाही, असे तिचे म्हणणे आहे. तिला काय सांगावे? (एक वाचक भगिनी, प्रतापनगर)

उत्तर : तिला ‘द स्पेकल्ड बँड’ ही १८९२ सालची होम्सकथा द्यावी आणि स्टोक मोरनच्या वाड्यातील त्या एका खोलीचे वर्णन तेवढे सावकाश वाचायला सांगावे. साधी, लहानशी खोली आहे. पलंग जमिनीला खिळ्यांनी जखडलेला आहे. नोकराला बोलावण्यासाठी घंटेची दोरी लोंबते, पण ती ओढली तर वाजत नाही, कारण ती वर एका आकड्याला नुसती बांधून ठेवलेली आहे. तिच्या लगतच हवेसाठी झरोका आहे, आणि तो बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडतो. या तिन्ही गोष्टी होम्स मोठ्याने बोलून दाखवतो. लेखकाने काहीही लपवलेले नाही. मुलीने ते वर्णन गाळले तर शेवट तिला जादूसारखा वाटेल, आणि वाचले तर शेवटच्या पानाआधीच तिच्या अंगावर काटा येईल.

या वाड्याच्या आवारात एक चित्ता आणि एक बबून मोकळे फिरत असतात. वाड्याचा मालक हिंदुस्थानात राहून आलेला डॉक्टर आहे, तेव्हा ही त्याची विक्षिप्त हौस आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक त्या जनावरांच्या धाकाने त्याच्या सावत्र मुली असलेल्या दोघी बहिणी रात्री आपल्या दाराला आतून कुलूप लावतात आणि खिडक्यांच्या झडपा घट्ट बंद करतात. खोली आतून बंद का होती, या प्रश्नाचे उत्तर अशा प्रकारे आवारातच फिरत असते. त्यानंतर होम्स आणि वॉटसन त्या खोलीत दिवा मालवून तासन्‌तास बसतात, गावच्या घड्याळाचे ठोके ऐकतात आणि हालचालही करत नाहीत. अंधारात काहीच दिसत नसताना तो प्रसंग इतका थरारक होतो, कारण पलंग कुठे आहे, दोरी कुठे आहे आणि झरोका कुठे आहे हे आपल्याला आधीच पाठ झालेले असते.

प्रश्न : बर्फात अडकलेली गाडी, वादळात तुटलेले बेट, पुराने वेढलेले गाव यांशिवाय हेरकथा लिहिता येत नाही का? ही लेखकांची सोय वाटते. (एक निवृत्त शिक्षक, सक्करदरा)

उत्तर : सोय तर आहेच. पोलीस येऊ शकत नाहीत, संशयितांची संख्या ठरून जाते आणि गुन्हेगार याच माणसांपैकी एक आहे याची वाचकाला हमी मिळते. दोन महायुद्धांमधल्या काळात हेरकथा ही लेखक आणि वाचक यांच्यातील नियमबद्ध स्पर्धा मानली जाई. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली मांडलेल्या दहा नियमांत तर एका कथेत एकाहून अधिक गुप्त खोली किंवा भुयार असू नये, असाही नियम आहे. अशा स्पर्धेला मैदानाची सीमारेषा लागतेच.

तरीही अॅगाथा ख्रिस्ती यांना केवळ सोय साधायची होती असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ही कादंबरी १९३४ची. ही गाडी १९२९च्या हिवाळ्यात तुर्कस्तानात बर्फामुळे खरोखरच कित्येक दिवस अडकून पडली होती आणि १९३१च्या डिसेंबरमध्ये स्वतः ख्रिस्ती याच गाडीने परतत असताना पावसापाण्यामुळे वाटेत खोळंबल्या होत्या. कादंबरीत गाडी युगोस्लाव्हियातील विंकोव्त्सी आणि ब्रोड यांच्यामध्ये बर्फात रुतते. वाचकाला वाटते की या बर्फाने प्रवासी खुन्याच्या तावडीत सापडले. प्रत्यक्षात या बर्फाने सर्वांत मोठी अडचण गुन्हा रचणाऱ्याचीच केलेली असते, कारण कोणी बाहेरचा माणूस गाडीत चढला आणि खून करून उतरून गेला, हे भासवणे आता कठीण होते. बाहेर बर्फावर पावलांचा एकही ठसा नाही. निसर्गाने घातलेला हा घोळ निस्तरताना माणसे चुका करतात आणि त्या चुकांवर ख्रिस्ती यांचा हेर पोइरो याचा तपास चालतो. या कथेतून बर्फ काढला, तर गारठ्याबरोबर कथानकही जाईल.

‘अँड देन देअर वेअर नन’ या १९३९च्या कादंबरीत तर त्यांनी एक धाडसी गोष्ट केली. डेव्हनच्या किनाऱ्यापासून दूर एका बेटावर दहा माणसे आहेत आणि होडी येणे बंद झाले आहे. येथपर्यंतची मांडणी आपल्याला परिचित वाटेल. अशा ठिकाणी जुना, कुरकुरणाऱ्या फळ्यांचा, अंधाऱ्या कोपऱ्यांचा वाडा हवा, असे कोणीही म्हणेल. ख्रिस्ती यांनी बांधले ते अगदी नवे घर. त्यात कोपरे नाहीत, चोरदरवाजे असण्याची शक्यता नाही, विजेचा लख्ख प्रकाश आहे, सगळे स्वच्छ आणि उघडे आहे. आणि त्या स्वतःच लिहून जातात की हेच सर्वांत भयंकर होते. लपायला जागाच नसेल तर खुनी लपलेला नाही, तो आपल्याबरोबर टेबलाशी बसून जेवतो आहे. जुन्या वाड्यात माणसे दाराच्या फटींकडे पाहतात, या घरात ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. भीती आणि अंधार यांची सांगड आपण सवयीने घालतो, ती किती सैल आहे हे या एका घरावरून कळते.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ साली हेरकथांवर एक निबंध लिहिला. खुनाची जागा जितकी निरागस आणि सुखी, तितका तिथला खून अधिक विसंगत आणि म्हणून अधिक परिणामकारक, असे त्यांचे प्रतिपादन होते. ख्रिस्ती यांची वृद्ध हौशी हेर मिस मार्पल हिचे सेंट मेरी मीड हे चिमुकले गाव आठवले तर ते पटते. होम्सने हेच आधी वेगळ्या बाजूने सांगितले आहे. ‘द कॉपर बीचेस’मध्ये आगगाडीतून हिरवीगार शेते पाहून वॉटसन हरखून जातो, तेव्हा होम्स म्हणतो की लंडनच्या बकाल गल्लीपेक्षा मला ही विखुरलेली सुंदर घरे अधिक भीतिदायक वाटतात, कारण गल्लीत मुलाचा आक्रोश शेजाऱ्याच्या कानी पडतो आणि येथे तो ऐकायला कोणी नाही. आपल्याकडेही या विचाराला पडताळा मिळेल. गच्च वस्तीच्या मोहल्ल्यात आवाज चढला की चार दारे उघडतात.

प्रश्न : मी महाल भागात राहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. नागपुरात घडणारी अभिजात वळणाची रहस्यकथा मला लिहायची आहे. मित्र म्हणतात की येथे ना दाट धुके, ना बर्फ, ना माळरान, त्यामुळे कथेला वातावरणच येणार नाही. कथा लंडनमध्ये किंवा निदान महाबळेश्वरात न्यावी का?

उत्तर : मुळीच नेऊ नये. धुक्याने लंडनमध्ये काय केले ते आठवावे. त्याने रस्ते ओस पाडले, साक्षीदारांचे डोळे बांधले आणि आवाज दाबून टाकले. ही तिन्ही कामे नागपुरात मे महिन्याची दुपार करते, आणि तीही भरउजेडात. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी बारा ते चार या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नसते. नवतपाच्या दिवसांत तर दुकानदारही शटर अर्धे ओढून आत पडलेले असतात. खिडक्यांवर जाड पडदे किंवा वाळ्याच्या ताट्या असतात, त्यामुळे रस्त्यावरून कोण गेले हे कोणी पाहिलेले नसते. जो कोणी बाहेर पडतो त्याने डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. लंडनच्या गुन्हेगाराला चेहरा झाकायला रात्रीची आणि धुक्याची वाट पाहावी लागे. आपल्या कथेतील गुन्हेगार दुपारी दोन वाजता चेहरा झाकून भर रस्त्याने चालत जाईल आणि समोरून येणारा माणूस उन्हापासून जपतो म्हणून त्याला शहाणाच समजेल.

घरात कूलर चालू असतो, आणि आपल्या कथेचा मोठा आधार तो होऊ शकतो. त्याची घरघर पावलांचा आवाज गिळून टाकते, शेजारच्या खोलीतील बोलणेही ऐकू येऊ देत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती त्याची चाल. पंप टाकीतले पाणी वर चढवतो, ते गवताच्या जाळ्यांवरून झिरपते, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या जाळ्यांतून आत ओढतो आणि पाण्याचे बाष्प होताना हवा गार होते. ही हवा आत आली की तेवढीच बाहेर जायला वाट लागते, म्हणून नागपूरचा कोणताही माणूस कूलर लावल्यावर समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवतोच. ती बंद केली की खोली चिकचिकीत होते आणि कागद सादळतात. आता अशी खोली कल्पावी, जिचे दार-खिडक्या सर्व घट्ट बंद आहेत, आत कूलर चालू आहे, टेबलावरचे कागद दमट झाले आहेत आणि खुर्चीत मालक मरून पडला आहे. पुण्या-मुंबईच्या हेराला ही साधी बंद खोली दिसेल. नागपूरकर हेराला आत पाऊल टाकताच कळेल की कूलर लावणाऱ्याने ही खिडकी बंद केलेली नाही, ती नंतर दुसऱ्या कोणी तरी बंद केली आहे.

याच्याच पुढे मृत्यूच्या वेळेचा प्रश्न येतो. मृत्यूनंतर शरीराचे तापमान हळूहळू भोवतालच्या हवेच्या तापमानाकडे जाते आणि त्यावरून वेळेचा एक ढोबळ अंदाज बांधला जातो. परंतु माणसाच्या अंगाचे तापमान साधारण ३७ अंश असते, आणि पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहून तापलेली असेल तर प्रेत थंड होणारच नाही. कूलर कोणी तरी बंद केला, नंतर पुन्हा चालू केला, अशी मांडणी केली तर सारा अंदाज चुकवता येतो. मात्र टाकी नळाला जोडलेली नसून बादलीने भरायची असेल, तर तिच्यातले उरलेले पाणी कूलर किती वेळ चालला याची साक्ष देईल. हा सारा तपशील वाचकासमोर आधी आला पाहिजे, आणि तो उकाड्याच्या वर्णनातच आला पाहिजे. पाणी भरायला कोण उठले यावरून घरातली माणसे कुरबुर करताना दाखवावीत. वाचक त्या कुरबुरीत रमेल आणि टाकीतल्या पाण्याकडे दुर्लक्ष करेल.

उन्हाळा नको असेल तर डिसेंबर घ्यावा. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे होते. त्या दिवसांत आमदार निवास आणि रविभवन गजबजतात, हॉटेलांत जागा नसते, मोर्च्यांमुळे रस्ते अडवले जातात, आणि शहरात इतकी अनोळखी माणसे वावरतात की कोणालाच कोणी परके वाटत नाही. शिवाय अधिवेशन संपण्याचा दिवस ठरलेला असतो. त्यानंतर सगळे संशयित आपापल्या गावी पांगणार, आणि नागपूर स्टेशनवरून मुंबई, दिल्ली, हावडा आणि चेन्नई अशा चारही दिशांच्या गाड्या जातात. बर्फात अडकलेल्या गाडीतील तणाव संशयित हलू शकत नाहीत म्हणून येतो. येथे तो ते लवकरच हातातून निसटणार आहेत म्हणून येईल. दुसरा प्रकार मराठीत फारसा हाताळला गेलेला नाही, असे मला वाटते.

आपण महालात राहता, म्हणून एक सावधगिरीची सूचना. भोसलेकालीन वाडे, लाकडी माड्या, चौक, परसातली विहीर हे सर्व आपल्या अवतीभोवती आहे आणि त्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वाडा दिसला की भुयार, आणि भुयार दिसले की सांगाडा, अशी जी वाट पडून गेली आहे तिच्याने जाऊ नये. ज्या वाड्याचे वाटे होऊन चार भावांच्या चार चुली झाल्या आहेत, जेथे जिना सामाईक आहे आणि तो चढताना कोणती पायरी कुरकुरते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, अशा वाड्यात एका रात्री ती पायरी कुरकुरली नाही, एवढी एक गोष्ट भुयारापेक्षा अधिक भीती निर्माण करील. वर गेलेला माणूस घरचाच होता, हे त्यातून कळते.

प्रश्न : भारतीय हेरकथांत असे जिवंत घटनास्थळ आढळते का? (एक वाचक, वर्धा मार्ग)

उत्तर : बंगालीत ते ठळकपणे आढळते. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा हेर व्योमकेश बक्षी १९३२ सालापासून वाचकांना भेटू लागला. ‘सत्यान्वेषी’ या कथेत तो कोलकात्यातील एका मेसमध्ये नाव बदलून राहायला येतो. भाड्याच्या खोल्या, एकत्र जेवण, कोण कुठे जातो याची कोणी चौकशी करत नाही, अशी ती जागा आहे, आणि गुन्हेगारालाही तेथे तेवढेच सुरक्षित वाटते जेवढे हेराला. सत्यजित राय यांचा हेर फेलूदा १९६५ साली आला तो थेट दार्जिलिंगमध्ये, आणि ‘सोनार केल्ला’मध्ये तो राजस्थानात गेला. राय यांच्या कथांत प्रवासाचा आनंद अधिक आणि भीती कमी आहे, परंतु त्या मुख्यतः मुलांसाठी लिहिलेल्या आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. त्यांचे बळ वेगात आणि घटनांच्या साखळीत आहे. अशा कथेला एका खोलीत फार वेळ रेंगाळून चालत नाही.

प्रश्न : ज्या जागेविषयी लिहायचे ती लेखकाने पाहिलेली असलीच पाहिजे का? (एक वाचक, कामठी)

उत्तर : दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. आधुनिक हेरकथेचा आरंभ ज्या कथेपासून मानला जातो ती एडगर अॅलन पो यांची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ १८४१ साली प्रसिद्ध झाली. ती पॅरिसमध्ये घडते आणि पो कधीही पॅरिसला गेलेले नव्हते. त्यांना हवी होती ती एक बंद खोली, एक खिळा बसवलेली खिडकी आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवण्यासाठी भिंतीबाहेरून जाणारा एक दांडा. या वस्तू त्यांनी अचूक मांडल्या, आणि पॅरिसचे नाव त्याभोवती पुरेसे ठरले. याउलट डॉयल १९०१ साली प्रिन्सटाउनला जाऊन राहिले, पत्रकार मित्र फ्लेचर रॉबिन्सन यांच्यासोबत माळरानावर दूरवर पायी हिंडले, आणि तेथील फॉक्स टॉर नावाच्या दलदलीवरून त्यांना ग्रिम्पेन सुचली असे मानले जाते. खोलीत घडणारे रहस्य घरी बसून रचता येईल. जमीन, हवा आणि अंतर यांवर रहस्य उभे करायचे असेल, तर तेथे जाऊन चालून आलेले बरे. महालच्या विद्यार्थिमित्रालाही हेच लागू आहे. त्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता, डोक्याला दुपट्टा आणि जवळ पाण्याची बाटली घेऊन, आपल्या कथेतील खुन्याच्या वाटेने घड्याळ लावून जावे आणि किती खिडक्या खरोखर बंद आहेत ते मोजावे.